३२ इंची फोरके मॉनिटर, १४४ हर्ट्झ, व्हीआरआर वगैरे : मालवणात वापरून बघितला

निकाल पहिलाच सांगतो म्हणजे घाईत असलेले इथूनच मागे फिरतील. मॉनिटर चांगला आहे, पैसे वाया गेले नाहीत, पण दुकानदार आणि यूट्यूबवाले ज्या गोष्टीसाठी तो विकतात त्या गोष्टीसाठी नाही. ते १४४ हर्ट्झ १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) करून कान किटवतात, प्रत्यक्षात साध्या बजेटच्या ग्राफिक्स कार्डावर फोरकेमध्ये १४४ कोणाला दिसतंय, आमचा मावसभाऊ रात्र रात्र गेम खेळतो त्याला पण दिसत नाही. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे व्हीआरआर (कार्ड चित्र देईल त्या वेगाने मॉनिटरने चालणं), ते खरं कामाचं, आणि गंमत म्हणजे ते तगड्या कार्डवाल्यापेक्षा माझ्यासारख्या मध्यम कार्डवाल्याच्या जास्त कामाचं. ते का ते खाली सांगतो.

कंपनीचं नाव घालत नाही. एकसारखं पॅनेल वेगवेगळ्या कंपन्या आपापला शिक्का मारून विकतात आणि मॉडेल नंबर तर सारखे बदलत असतात, त्यामुळे नावापेक्षा काय बघायचं ते कळलेलं बरं. स्पेक असे, ३१.५ इंच, आयपीएस पॅनेल (स्क्रीनचा एक प्रकार, व्हीए आणि ओलेड हे दुसरे), ३८४० बाय २१६० पिक्सेल म्हणजे फोरके, फ्रीसिंक प्रीमियम (एएमडी कंपनीचं व्हीआरआर), दोन एचडीएमआय २.१, एक डिस्प्लेपोर्ट १.४, एक टाइप-सी. किंमत सेल असेल तशी पन्नास हजाराच्या आतबाहेर. माझं काम फोटो-व्हिडिओ एडिटिंगचं, होमस्टेवाले, स्कूबावाले, लग्नं, मध्येच कोणाचं तरी आंब्याच्या पेटीचं लेबल. मशीनमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. आधी २४ इंची फुल एचडी होता.

आता साइज. ३२ इंच ऐकायला टीव्हीवाल्यांना काहीच वाटत नाही पण टेबलावर ठेवलात की सत्तर सेंटिमीटर रुंद काच तोंडासमोर येते. आपल्याकडे बरीच टेबलं दीड फूट खोलीची असतात, शाळेच्या काळातली, त्याच्यावर हा ठेवलात तर डावीकडून उजवीकडे मान फिरवत बसाल. निदान अडीच फूट अंतर पाहिजे डोळ्यापासून. मी आर्म लावून भिंतीवर घेतला, त्यासाठी व्हेसा १०० बाय १०० ची, म्हणजे ठरलेल्या मापाची, भोकं मागे असतात. पण चिऱ्याची भिंत असेल तर सांभाळून, जांभा चिरा ड्रिल घातला की भुगा होऊन पडतो आणि छोटा प्लास्टिकचा प्लग दोन दिवसात हलायला लागतो. सुताराने आधी लाकडी फळी चार लांब फास्टनरनी मारली आणि आर्म फळीवर लावला, सहा-सात किलोचा ऐवज आहे, रात्री खाली आला तर नुसता आवाज ऐकून पण माणूस आजारी पडेल. आई बघून म्हणाली, "एवढो मोठो टीव्ही आणि तेच्यार सीरियल लागणा नाय?" तिला टीव्ही नाही हे समजवायचं मी सोडून दिलंय.

रेझोल्यूशनबद्दल मात्र जेवढं बोलू तेवढं थोडं. जुन्यावर इंचाला ९२ पिक्सेल होते, ह्याच्यावर १४०. एकूण ८३ लाखाच्या आसपास पिक्सेल, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. इंग्रजी अक्षर जाडंभरडं असलं तरी वाचता येतं, मराठीचं तसं नाही, वर रफार वेलांटी अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, सगळं त्या एवढ्याशा जागेत बसवायचं असतं. जुन्यावर ष्ट आहे की ष्ठ आहे ते झूम केल्याशिवाय कळायचं नाही, पत्रिकेचं प्रूफ बघताना हे फार महागात पडतं, कोणाच्या आजोबांचं नाव चुकलं तर छापलेली पाचशे पत्रिका परत. ह्याच्यावर १२५ टक्के स्केलिंगला (अक्षरं मोठी करायची विंडोजची सेटिंग) अनुस्वार अनुस्वारासारखा दिसतो. सातबारा उघडा, जुन्या फेरफाराची स्कॅन केलेली पानं उघडा, अर्ध्या स्क्रीनवर ते आणि अर्ध्यावर दुसरं काम, डोळे ताणायला लागत नाहीत. नुसतं वाचायला-लिहायला बसणाऱ्यानेसुद्धा ह्या एका गोष्टीसाठी घ्यावा, फक्त त्याने १४४ चे जास्तीचे पैसे देऊ नयेत, ६० हर्ट्झवाला त्याला बराच स्वस्तात मिळेल.

विंडोजमध्ये १५० टक्के केलंत तर जागा २५६० बाय १४४० एवढीच उरते, नुसती धारदार दिसते. डोळे ठीक असतील तर १२५ ला थांबा. काही जुनी सॉफ्टवेअर अजून स्केलिंगला धुरकट दिसतात, एक जुना टायपिंगचा प्रोग्रॅम आहे माझ्याकडे तो असा दिसतो की चष्म्यावर वाफ आलीय, त्याला इलाज नाही.

आता व्हीआरआर. जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे वेळेवर सुटणारी एसटी, दर १६.७ मिलिसेकंदाला सुटणार म्हणजे सुटणार. कार्डाने पुढचं चित्र मध्येच हातात दिलं तर स्क्रीनचा वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा, मध्ये फाटल्यासारखी रेघ, त्याला टेअरिंग म्हणतात. ते टाळायला व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला मॉनिटरच्या फेरीसाठी थांबवणारी सेटिंग, लावलं तर उलटा त्रास, चित्र जराशाने हुकलं की पुढच्या फेरीपर्यंत थांबा, १६.७ चे सरळ ३३ मिलिसेकंद, मग खेळताना गचके बसतात आणि माऊस पण जड वाटतो. व्हीआरआरवाला मॉनिटर म्हणजे स्टँडवरची सहा आसनी, पॅसेंजर भरला की सुटली, घड्याळ बघत नाही. कार्डाला चित्र करायला वीस मिलिसेकंद लागले तर मॉनिटर वीस थांबतो, चौदा लागले तर चौदा. रेघ नाही, गचका नाही.

म्हणून म्हटलं की हे मध्यम कार्डवाल्याच्या कामाचं. ज्याच्याकडे लाख-दीड लाखाचं कार्ड आहे त्याचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, तसेही भरभरून येतात, त्याला फरक कमी कळतो. माझ्या ३०६० वर फोरकेमध्ये जरा भारी गेम लावला तर ४५ ते ६५ च्या मध्ये कुठेतरी नाचतं. जुन्या पद्धतीच्या मॉनिटरवर हा पट्टा सगळ्यात वाईट, साठच्या खाली वर, खाली वर, डोकं दुखतं. इथे ५२ असो की ६१ असो, एकसारखं सरकतं. मावसभाऊ रेसिंगचा गेम खेळतो, पहिल्यांदा बसला तेव्हा त्याला वाटलं मी कार्ड बदललंय. परत परत विचारत होता.

पण इथे एक मेख आहे आणि ती बॉक्सवर मोठ्या अक्षरात कधीच लिहीत नाहीत. व्हीआरआर शून्यापासून चालत नाही, त्याला खालची हद्द असते, बहुतेक ठिकाणी ४८ हर्ट्झ. त्याच्या खाली गेलात तर काय? तिथे एलएफसी नावाचा प्रकार लागतो, म्हणजे फ्रेम ४० आले तर मॉनिटर तेच चित्र दोनदा दाखवतो आणि ८० हर्ट्झवर चालतो, आपल्याला कळत नाही. हे जमायला वरची हद्द खालच्याच्या दुपटीपेक्षा जास्त पाहिजे. ४८ ते १४४ मध्ये ते आरामात बसतं. ४८ ते ६० किंवा ४८ ते ७५ वाले मॉनिटर पण फ्रीसिंक फ्रीसिंक म्हणून विकले जातात, त्यांच्यात बसत नाही, आणि आपल्या कार्डाचे फ्रेम तर नेमके तिथेच खाली घसरतात. त्यामुळे नुसतं फ्रीसिंक बघून घेऊ नका, फ्रीसिंक प्रीमियम बघा, त्याच्यात एलएफसी असायलाच लागतं. १४४ चा मला झालेला खरा उपयोग हा, वर जाण्यासाठी नाही, खाली दुपटीला जागा मिळावी म्हणून.

एनव्हिडियाचं कार्ड आणि एएमडीच्या नावाचा फ्रीसिंक, हे जुळतं का, असं मला तिघांनी तरी विचारलंय. जुळतं. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ ला आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांचं स्वतःचं वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत आभाळाला टेकायची. एएमडीने फ्रीसिंक डिस्प्लेपोर्टच्या खुल्या स्टँडर्डवर उभं केलं, आणि शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने पण ड्रायव्हरमधून ते चालू करून दिलं, १० सीरिजपासून पुढच्या कार्डांना. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन टिक मात्र स्वतः मारायला लागते, आणि मॉनिटरच्या मेन्यूत पण अडॅप्टिव्ह सिंक (व्हीआरआरचंच दुसरं नाव) चालू करायला लागतं, बरेच लोक दोन्हीपैकी एक विसरतात आणि मग काही फरक नाय बुवा म्हणून सांगत फिरतात. फ्रेम रेटला १४० च्या आसपास मर्यादा घाला, १४४ ला टेकवू नका, टेकलं की व्ही-सिंक नाहीतर टेअरिंग परत डोकं वर काढतं.

फ्लिकरबद्दल. फ्रेम एकदम वरखाली झाले की काही पॅनेलवर उजेड लुकलुकतो, लोडिंग स्क्रीनवर तर हमखास. व्हीए आणि ओलेडवर हे जास्त, आयपीएसवर कमी. कणकवलीच्या मित्राकडे व्हीए आहे, काळा रंग त्याच्याकडे खरंच काळा दिसतो, माझ्याकडे रात्रीचा सीन राखाडी दिसतो आणि कोपऱ्यात आयपीएसचा पांढरट ग्लो येतो, ते कबूल, आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ आणि व्हीएचा ३००० ला १ असतो. पण त्याच्याकडे गुहेत शिरलं की भिंती लुकलुकतात आणि काळ्यावर काळं हललं की शेपटी ओढल्यासारखं दिसतं. तुम्ही अंधारात सिनेमे जास्त बघत असाल तर व्हीए, नाहीतर मी आयपीएसच म्हणेन. ओलेड बघायला सगळ्यात भारी, पण दिवसभर खाली तोच टास्कबार आणि बाजूला एडिटिंगचे तेच पॅनेल उघडे राहणार, बर्न-इनची, म्हणजे तेच चित्र स्क्रीनवर कायमचं उमटून राहण्याची, भीती घेऊन मला काम करायचं नव्हतं.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला झटपट रंग बदलायला लावणारी सेटिंग, तिच्या मेन्यूत एक्स्ट्रीम वगैरे काय असेल ते विसरा. मधल्या पायरीला ठेवा. फ्रेम खाली आल्यावर जास्तीचा ओव्हरड्राइव्ह वस्तूंच्या मागे उलटी पांढरी सावली काढतो.

एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा प्रकार) ४०० चा स्टिकर आहे, असू दे. उजेड नुसता ४०० निट आणि लोकल डिमिंगची (स्क्रीनचा हवा तेवढाच भाग मंद करण्याची) अट नाही, एचडीआर चालू केलं की उलट सगळं फिकट दिसतं. मी बंद ठेवलाय.

रंग मात्र फोटोवाल्यांनी नीट ऐका. पॅनेल वाइड गॅमटचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारं, आहे आणि पेटीतून काढल्यावर सगळं भडक दिसतं. तारकर्लीचं पाणी मालदीव वाटायला लागतं, हापूस शेंदरी दिसतो, मालक खूश, आणि तोच फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर गेला की मळकट. मेन्यूत एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनचे रंग) मोड असतो तो लावा. माझ्या मॉनिटरमध्ये त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो, काही ठिकाणी तो कुलूपबंद असतो, घेण्याआधी हे विचाराच, दुकानदाराला माहीत नसेल तर दाखवायला सांगा. व्हिडिओवाल्यांसाठी अजून एक, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात आपण २५ किंवा ५० फ्रेमला शूट करतो, ते ६० हर्ट्झवर बघताना बोट सरकताना हलकी अडखळते आणि वाटतं फुटेज खराब आलंय. ह्याला १०० हर्ट्झचा पर्याय आहे, २५ चौक १००, एडिटिंग करताना मी तिथेच ठेवतो. २४ फ्रेमचा सिनेमा बघायचा तर १२० किंवा १४४, दोघांत २४ चा भाग पूर्ण जातो.

केबलचं थोडक्यात. १४४ हर्ट्झ फोरके १० बिट (जास्त बारीक रंगछटा) म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये मावत नाही, डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं, कार्ड आणि मॉनिटर दोघांत पाहिजे, डोळ्याला फरक दिसत नाही. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय २.० असेल तर ६० वर समाधान माना. आणि एचडीएमआय २.१ लिहिलंय म्हणजे सगळं आलं असं समजू नका, २.१ मधले बरेच फीचर ऐच्छिक आहेत, पोर्ट किती गिगाबिटचा ते बघा, पूर्ण असेल तर ४८. पेटीतली केबल वापरा, बाजारातली दीडशे रुपयाची लावून स्क्रीन मध्ये मध्ये काळी होते म्हणून मॉनिटरला शिव्या घालू नका. पीएस५ वाल्यांना १२० पर्यंत आणि व्हीआरआर पण मिळतो, एचडीएमआयवरूनच.

आता जे पुण्यामुंबईच्या रिव्ह्यूत कधी येत नाही ते.

लाइट. मॉनिटरच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज पडून पंखा घरघरायला लागला तरी ह्याला काही होत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. भीती विजेची, मे महिन्यात वळीव आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस, कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही, आणि लॅनची वायर पण काढायची, लोक ती विसरतात आणि नेमकं तिथूनच येतं. अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे खाली कातळ, उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग नावाला उरतं, मग आर्मच्या लोखंडाला हात लावला की मुंग्या येतात. तसं जाणवलं तर मॉनिटर परत करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएस घेताना मॉनिटरचे पन्नासेक वॉट धरा पण खरा भार कार्डाचा, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस गेम चालू असताना लाइट गेली की स्वतःच आधी मान टाकतो.

दमट हवा. जून ते सप्टेंबर मॉनिटर रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. समुद्राकडून वारा येणाऱ्या खोलीत काचेवर खारट चिकट थर बसतो, तो सुक्या फडक्याने घासलात तर मॅट कोटिंगवर चरे पडतात, डिस्टिल्ड वॉटर मायक्रोफायबरला लावून हळू पुसा, काच पुसायचा स्प्रे नको. न वापरलेल्या पोर्टना रबरी बुच लावा, स्वस्तात मिळतात. माझ्या जुन्याच्या पोर्टच्या कडा गंजून लाल झाल्या होत्या.

आणि किडे! पावसाळ्यात दिवसभर बंद खोलीत ही एवढी मोठी पांढरी दिवटी लावून बसल्यावर चिलटं येणारच, पण ती मागच्या जाळीतून आत शिरून काचेच्या आत फिरायला लागतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिक्सेल मेला समजून लोक घाबरतात, मेलेला पिक्सेल चालत नाही हो. अंगठ्याने दाबू नका, तिथेच चिरडून कायमचा डाग राहील. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा, बाजूला टेबल लॅम्प लावा, बहुतेक वेळा बाहेर येतं. संध्याकाळी सहा ते आठ खिडकीला जाळी नसेल तर मी ब्राइटनेस खालीच ठेवतो.

"त्यापेक्षा त्याच पैशात ४३ इंची टीव्ही आला असता" हे शेजारीपाजारी रोज ऐकवतात. आला असता, आणि वरून पैसे उरले असते. पण स्वस्त टीव्ही ६० हर्ट्झवर अडकतात, व्हीआरआर नसतो, आणि बरेचसे रंगाची माहिती कमी करून दाखवतात त्यामुळे लाल अक्षर निळ्यावर आलं की कडा फुटतात. सोफ्यावर बसून बघायला टीव्ही, अडीच फुटावर बसून काम करायला मॉनिटर.

ऑर्डर करताना पिनकोड टाकून वॉरंटी ऑन-साइट आहे की कॅरी-इन ते बघून घ्या. कॅरी-इन असेल तर मालवणातून कोल्हापूर नाहीतर गोवा, आणि ही पेटी एसटीत मांडीवर घेऊन जाण्यासारखी नाही. पेटी उभीच यायला पाहिजे, आडवी टाकून वर सामान रचलं की पॅनेलला तडा. घाटातून येताना कोण बघतंय, म्हणून डिलिव्हरीवाला दारात असतानाच व्हिडिओ चालू करून उघडा, नंतरचं कोणी ऐकत नाही. एक-दोन पिक्सेल मेलेले असतील तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत, त्यामुळे परत करायची मुदत आहे तोपर्यंतच पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून बघा.

आणि गणपतीच्या तोंडावर मागवू नका. सेल असतो मान्य, पण तेव्हा हायवेवर गाड्यांची रांग, कुरियर कुठे अडकेल सांगता येत नाही, आणि आला तरी चाकरमान्यांची पोरं घरात आहेत तोवर तुमच्या वाट्याला येणार नाही. मागच्या वर्षी माझ्या खुर्चीत विसर्जनापर्यंत कोणी ना कोणी बसलेलंच होतं आणि मी लॅपटॉप घेऊन पडवीत.